कोणतं पित्त, दिगू?

दिगू, तुझ्या शोकसभेत मी भाषण केलं. लखनौच्या इंदिरा नगरातला आपला नेहमीचा हॉल, गणपतीत तू जिथे पेटी वाजवायचास तोच. माणसं एवढी लोटली की दारात चपलांचा डोंगर झाला आणि त्या डोंगराच्या टोकावर बसून एक कुत्रं सूर्योदय बघत होतं. हे मी माईकवर सांगितलं आणि थांबलो.

थांबणारच. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर तुझ्या दुरुस्तीपुरती जागा सोडायची मला इतक्या वर्षांची सवय. "कुत्रं जिन्याखाली झोपलं होतं रे. आणि सभा संध्याकाळची, सूर्योदय कुठला?" एवढी जागा मी सोडली. कुणीच काही बोललं नाही. पुढच्या वाक्यानंतर पुन्हा सोडली. लोकांना वाटलं मला हुंदका येतोय. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो. मला ओळखणाऱ्या माणसांना त्या छोट्या भाषणाचा धक्का तुझ्या जाण्याइतकाच बसला असेल.

आपण एकाच संशोधन संस्थेत, एकाच प्रयोगशाळेत, समोरासमोरच्या टेबलांवर म्हातारे झालो. तू मालवणकडचा, मी नागपूरचा. तुझे शब्द ड्रॉपरने पडायचे, थेंब थेंब. माझे टँकर उलटल्यासारखे. तू मला थापाड्या म्हणायचास आणि मी ती पदवी समजून मिरवायचो. खरं सांगू का, मी थापा मारायचो त्या तुझ्यासाठीच. तू टोकणार याची खात्री असल्याशिवाय थाप मारण्यात मजा नाही. नुसती ऐकून घेतली की ती थाप राहत नाही, खोटं होऊन बसतं.

तो चिनहटचा किस्सा आठवतोय? तिकडच्या एका रुग्णालयातून आपण पित्तरसाची बाटली घेऊन निघालो होतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनात निघालेला, पेशंटची परवानगी घेतलेला, बर्फाच्या डब्यात बसवलेला, रंगाला अस्सल सरसोंच्या तेलासारखा. चौकात रिक्षा अडवली गेली. माझ्या गोष्टीत अडवणारा दरोगा असतो, त्याच्या मिशा कानामागे बांधलेल्या असतात आणि तो गरजतो, "डिब्बे में क्या है?" तू शांतपणे म्हणतोस, "पित्त." "किसका?" "पता नहीं." मग दरोगा टोपी काढतो, छातीशी धरतो आणि आपल्यासाठी सगळा फैजाबाद रोड मोकळा करून देतो. दर वर्षी त्या मिशा वाढत गेल्या. आणि दर वर्षी, पुरणपोळी चावता चावता, तू तेवढंच म्हणायचास, "होमगार्ड होता. त्याने वेळ विचारली होती."

परवा मी हा किस्सा घरी एकटाच आठवत होतो, तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर होमगार्डच आला. मिशा नव्हत्या. एवढा जीव उदास झाला की काय सांगू.

आणि मुळात त्या किश्श्यातलं तुझं "पित्त" हे उत्तरसुद्धा माझंच. तू असं म्हणणं शक्यच नव्हतं. आपल्या प्रयोगशाळेत त्या शब्दाला बंदी होती. तिथे काम करायला नवीन मराठी पोर किंवा पोरगी आली आणि तोंडातून "पित्त" निघालं की तू चष्मा कपाळावर चढवून विचारायचास, "कोणतं पित्त?" कारण आपल्या मराठी घरांत आंबट ढेकर म्हणजे पित्त. अंगावर उठलेल्या गांधी म्हणजे पित्त. सकाळी बेसिनमध्ये पडतं ते आंबट पाणीही पित्त, आणि साहेबाचं खवळतं तेही पित्तच. "इथे असलं चालणार नाही," तू म्हणायचास. "जठरातला तो जठररस. यकृतातून येतो तो पित्तरस. स्वादुपिंडाचा तो स्वादुरस. तिघांचे स्वभाव वेगळे, तिघांची नावं वेगळी." एकदा मीच घाईत एका नळीवर नुसतं "पित्त" लिहून ठेवलं. तू ती नळी माझ्या देखत जंतुनाशकात रिकामी केलीस. "कशाचं काय ते कळत नाही, तर ते काहीच नाही." मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. म्हणजे दुपारपर्यंत.

पण तू उगाच खवचटपणा करत नव्हतास. आपलं सगळं कामच त्या फरकावर उभं होतं. काविळीचा विषाणू यकृतात घर करतो. त्याच्या अंगावरचं एखादं प्रथिन ही त्याची खूण, आणि रक्तात ती खूण चाचणीला सहसा सापडते. तीच खूण पोटाच्या रसांत शोधायला जा. जठररसातलं आम्ल तिचा चेहरा बिघडवतं. स्वादुरस तिला कुरतडून ठेवतो. पित्तरस साबणासारखा मध्ये शिरतो आणि चाचणीची पकडच सैल करतो. मग प्लेटमधल्या ज्या खळगीत पिवळा रंग उमटायला हवा, ती पाण्यासारखी कोरी राहते.

मी कोरी खळगी पाहिली की बोंब ठोकायचो, "निगेटिव्ह!"

"दिसलं नाही, म्हण."

"अरे, एकच ते!"

"एक कसं? त्या रसात आधी मुद्दाम खूण घाल. आपल्या हाताने घातलेली तरी सापडते का बघ. ती सापडली आणि याची सापडली नाही, तर बोल. तीच सापडली नाही तर गप्प बस."

तुझं म्हणणं, हे सगळे रस म्हणजे खोडरबर. माझं म्हणणं, पित्तरस म्हणजे न्हाणीघर. घाणेरड्या पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू रक्तात हिंडतो तो आपल्याच पेशीची शाल पांघरून, त्यामुळे चाचणीला तो पटकन ओळखू येत नाही. पित्तरसात उतरला की शाल गळते आणि गडी उघडा पडतो. "म्हणजे पित्त पुसत नाही, पित्त दाखवतं!" मी टेबल बडवायचो. तू म्हणायचास, "शाल नाही, पटल. आणि कोणता विषाणू, कोणता रस, किती वेळ, हे सांगितल्याशिवाय तू तोंडच उघडू नकोस." या भांडणापायी आपण कॅन्टीनचा इतका चहा प्यायलो की गोमतीची पातळी उतरली. भांडण मिटलं नाही. आपण दोघंही बरोबर आहोत हे आपल्याला केव्हाच कळून चुकलं होतं, पण ते कबूल केलं तर दुपारी बोलायचं काय?

आता दुपारी मी समोरच्या टेबलाकडे बघत बसतो. तिथे कुणीतरी प्रिंटर आणून ठेवलाय.

गेल्या उन्हाळ्यात आपण नेहमीसारखे आंबे खायला मलिहाबादला गेलो. तू हापूसच्या मुलखातला. दशहरीला "बरा आहे" याच्यापुढे कधी मार्क दिले नाहीस, आणि बादलीतले आंबे मात्र गुपचूप एकट्याने संपवायचास. त्या दिवशी बागेतल्या खाटेवर बसून तू एक फोड उचललीस, वास घेतलास आणि परत ताटलीत ठेवलीस.

"अहो, घ्या ना," शैलावहिनी म्हणाल्या.

"नको गं. पित्त झालंय."

बघ, घरी तुझ्याही तोंडात तोच शब्द! प्रयोगशाळेत बंदी घालणारा माणूस उंबरठ्याच्या आत आला की त्यालासुद्धा पित्तच व्हायचं, जठररस व्हायचा नाही. मग परतीच्या गाडीत औषधांचा पाऊस पडला. वहिनी म्हणाल्या आमसुलाचं पाणी. माझी बायको म्हणाली मोरावळा. मी माझ्या नागपूरच्या काकांची गोष्ट सांगितली. त्यांचं पित्त असं जालीम की तोंडात घातलेला चमचा बाहेर येईपर्यंत त्याची नुसती दांडी उरायची. तू पोट धरून हसलास, आणि हसता हसता म्हणालास, "पितळी असेल. मग नुसता काळा पडला असेल." पोट तू हसण्याने धरलं होतंस असंच मी समजलो.

ईराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुझी लेक इथे जन्मली, इथे शिकली, इथेच नोकरीला लागली. मराठी तिला सगळं कळतं, तुझ्या-माझ्या शिव्यांसकट. पण उत्तर हिंदीत. तू विचारायचास, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हाँ पापा, खा लिया." तू म्हणायचास, "हाँ नाही, हो." ती म्हणायची, "अच्छा, हो. खा लिया." लहानपणी तू तिच्या मागे लागायचास, चिडायचास, तिला मराठी पुस्तकं आणून द्यायचास. मग तू ते सोडून दिलंस. सगळ्या जगाला टोकणारा तू, तिथे हरलास. तुला ते लागलं होतं. एकदा तू मला म्हणालास, "माझ्यानंतर या घरात मराठी शैला एकटीच बोलेल. भिंतीशी." मी त्यावर काहीतरी थाप मारली. आता आठवत नाही.

मलिहाबादनंतर तुझी उलटी वाढली. रोज सकाळी आंबट पाणी. ईराने एक दिवस गाडी काढली आणि तुला धरून डॉक्टरकडे नेलं. त्या आंबटाने तुझा घसा बसलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, आणि तुझ्याऐवजी ती बोलली. तिने आयुष्यभर तिच्या आईच्या तोंडून जे ऐकलं होतं तेच बोलली.

"डॉक्टर साहब, पापा को पित्त हो गया है। रोज़ सुबह पित्त गिरता है।"

हिंदी कानाने ते ऐकलं आणि हिंदीतलं पित्त समजून घेतलं. थैलीतलं, म्हणजे पित्ताशयातलं. डॉक्टरांचं यात काय चुकलं? त्यांनी पित्ताशयाची सोनोग्राफी करायला सांगितली, आणि त्यात खडे निघाले. खडे होतेच. या गंगेच्या पट्ट्यात ते कुणाला नसतात? मी तर म्हणायचो, लखनौतले सगळे खडे गोळा केले तर आणखी एक इमामबाडा उभा राहील, आणि तू म्हणायचास, "फार तर एक कठडा."

दिगू, तू तिथे खुर्चीत बसला होतास. तुझ्या कानांवर तो शब्द पडला. ज्या शब्दापायी तू माझी नळी ओतून दिलीस, तो. घसा बसला होता, पण मान तर हलवता आली असती.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. घोगरा आवाज. मला वाटलं काहीतरी वाईट.

"थापाड्या, ऐक. ईरा आज मराठी बोलली."

"काय सांगतोस!"

"डॉक्टरसमोर. पित्त म्हणाली. पित्त झालंय म्हणाली. पडतं म्हणाली."

"हिंदीत म्हणाली असेल."

"क्रियापदं हिंदी होती," तू कबूल केलंस. "पण शब्द आपला होता. ऍसिडिटी म्हणाली नाही, बघ. पित्त म्हणाली. शैलासारखं."

"मग पेढे वाट."

"वाटतो," तू म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी खरंच प्रयोगशाळेत पेढे घेऊन आलास. स्वतः एकही खाल्ला नाहीस. मी तुझे खाल्ले.

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आधी तू सर्जनना बजावलंस, "माझा पित्तरस वाया घालवू नका." ते हसले, पण बाटली दिली. मी ती आपल्या प्लेटवर लावली. तुझ्या शिस्तीने. आधी हाताने घातलेली खूण सापडते का ते पाहिलं, ती सापडली. तुझ्या स्वतःच्या पित्तरसाची खळगी कोरी राहिली. मी कॉरिडॉरभर ओरडत आलो, "दिगू, पास! मुद्दाम घातलेली सापडली, तुझी सापडली नाही, आता तरी निगेटिव्ह म्हणू दे!"

तू प्लेट उजेडाकडे धरलीस, बराच वेळ पाहिलीस आणि म्हणालास, "या खुणेपुरता पास."

आपण समोसे मागवले. तू अर्धा खाल्लास.

उलट्या थांबल्या नाहीत. ऑपरेशननंतर होतं थोडं, असं सगळे म्हणाले, आणि त्या सगळ्यांत मी सगळ्यात मोठ्याने. तू वाळलास, अंगावरचे कपडे कुणा दुसऱ्याचे दिसू लागले, तेव्हा पोटात दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ. दार बंद. वरचं खाली जात नव्हतं आणि खालचं वर येत नव्हतं. म्हणजे त्या सकाळच्या पाण्यात पित्तरस नसणारच. मी रिपोर्ट वाचत होतो, तू माझ्याकडे पाहत होतास. मी मान वर केली तेव्हा तू एवढंच म्हणालास, "जठररस होता रे."

बस. त्यावर तू पुढे बोलला नाहीस, मीही नाही. आपण एकमेकांशी न बोललेलं आयुष्यभरात तेवढंच असेल, आणि ते तू घेऊन गेलास.

पण ईराला कळलं. कळणारच, तुझीच लेक ती. मागच्या रविवारी मी घरी गेलो होतो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ईराने पंखा बारीक केला, समोर बसली आणि विचारलं, "काका, मराठी में पित्त मतलब एसिडिटी होता है ना?"

मी सुरू केलं. म्हटलं, अगं मराठीत पित्ताचे एवढे अर्थ आहेत की त्यांची एकदा मिरवणूक निघाली होती, आणि...

"काका."

माझी मिरवणूक तिथेच थांबली.

"और डॉक्टर ने समझा गॉल ब्लैडर। मैंने बोला था। पापा ने नहीं, मैंने।"

मी तिला सगळं सांगितलं जे सांगता येतं. खडे होतेच, सोनोग्राफी झालीच असती. गाठ आधीपासून होती. उलटी कुठून येते हे डॉक्टरही पुढे विचारू शकले असते. वहिनींनी, मी, माझ्या बायकोने, आपण सगळ्यांनी पित्तच म्हटलं होतं. "काहीच फरक पडला नसता, ईरा."

"आपको कैसे पता?"

तुझाच प्रश्न. तुझ्याच सुरात. मला काय माहीत, दिगू? आपल्याकडे दोन नळ्या असतात, एकीत काही घालायचं, दुसरी तशीच ठेवायची आणि मग दोन्ही बघायच्या. तुझी दुसरी नळी कुठून आणू? जिने बापाला "आंबट पाणी पडतं" असं म्हणत डॉक्टरकडे नेलं, ती ईरा कुठे शोधू? सर्जनना तिने विचारलं होतं. ते म्हणाले, "कहना मुश्किल है, बेटा।" प्रामाणिक माणूस. त्यांच्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो, आणि इतकी वर्षं खोटं बोलून बोलून माझ्याकडे आता असं एकही खोटं उरलं नाही जे ती ऐकून घेईल.

मग तिने खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"पापा तो सबको टोकते थे। दूधवाले को टोकते थे, टीवी को टोकते थे। उस दिन मुझे क्यों नहीं टोका?"

आणि मी तिला सांगितलं. तो फोन. तुझा घोगरा आवाज. क्रियापदं हिंदी होती हे तू कबूल केलंस ते. पेढे. मी एक मिशी वाढवली नाही, दिगू. आयुष्यात प्रथमच मी एक गोष्ट जेवढी घडली तेवढीच सांगितली. सांगताना माझे हात मांडीवर होते, एकदासुद्धा उचलले नाहीत.

ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, पोचलं. मग ती हसली. तुझ्यासारखं, ओठ न उघडता. माझ्या हातावर हात ठेवला, जसा म्हाताऱ्या माणसाच्या हातावर ठेवतात.

"काका, पापा कहते थे, आपकी बात का आधा भी सच निकले तो बहुत है। पर ये आपने बहुत प्यारी बनाई।"

ती माझंच सांत्वन करत होती! मी म्हणालो, अगं शपथ घेतो. ती म्हणाली, "हाँ काका, पता है।" ज्या गोष्टीचा साक्षीदार फक्त तू, ती गोष्ट. तिला पटली असती तर ती सावरली असती की आणखी कोसळली असती, हेही मला सांगता येत नाही. तुझ्या घरातली ती एकच संध्याकाळ होती जेव्हा तुला हवं होतं ते तुला मिळालं, आणि तिची खूण आता कुठेही नाही. माझ्या तोंडून निघाली की ती पुसली जाते.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कप माझ्यापुढे ठेवला.

"भाऊजी, आधी बिस्किट घ्या. उपाशीपोटी नुसता चहा नको, पि..."

त्या थांबल्या. ईरा खाली बघत होती.

"गॅस होईल," वहिनी म्हणाल्या.

ईराने बशी माझ्याकडे सरकवली. मी बिस्किट घेतलं.